गाडी बदलण्याआधी डीपी बघा! दुकानदारांसाठी ईव्हीचं पूर्ण गणित



"भाऊ, लोडर इलेक्ट्रिक घ्याव का डिझेलच बरा?" अमरावती असो की अकोला, ट्रेनिंग संपलं की चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच येतो. किराणावाले विचारतात, हार्डवेअरवाले विचारतात, पाण्याचे जार पोहोचवणारे विचारतात. व्हिडिओत मी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला होता, पण वीज जोडणीचा भाग घाईत उरकावा लागला. तो भाग खरं तर सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा आणि शक्य असेल तर तुमचं मागच्या महिन्याचं लाईट बिलही समोर ठेवा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. शहरातल्या शहरात माल पोहोचवायचा असेल तर इलेक्ट्रिकचं गणित जमतं. पण शोरूमवाला तुम्हाला गाडीचा हिशेब सांगतो, विजेचा सांगत नाही. तुमच्या दुकानाची वायरिंग, तुमचा मंजूर भार आणि गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली डीपी, हे तिन्ही बघितल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नका.

पहिलं गणित: रोजचा खर्च

समजा तुमचा तीनचाकी लोडर रोज ६० किलोमीटर फिरतो. सकाळी ठोक बाजारातून माल, मग दिवसभर गिऱ्हाईकांकडे डिलिव्हरी. डिझेल लोडर लिटरला २५ किलोमीटर देतो असं धरू आणि डिझेल ९२ रुपये धरू. रोजचं डिझेल झालं २.४ लिटर, म्हणजे साधारण २२० रुपये.

आता इलेक्ट्रिक. याच आकाराचा ई-लोडर भरलेल्या मालासह १० किलोमीटरला साधारण १ युनिट घेतो असं धरा. ६० किलोमीटरला ६ युनिट. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर ७ युनिट पडतील. दुकानाच्या कनेक्शनचा युनिट सगळे आकार धरून १२ रुपये पडत असेल तर रोजचे ८४ रुपये.

फरक दिवसाला १३६ रुपयांच्या आसपास. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेतीन हजार रुपये. यात ऑईल, फिल्टर, क्लच प्लेट हा खर्च धरलेलाच नाही. इलेक्ट्रिक गाडीत ते भागच नसतात.

हे माझे आकडे झाले. तुम्ही तुमचे टाका. युनिटचा दर काढायची सोपी पद्धत सांगतो. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. बिलावर छापलेला नुसता 'वीज आकार' धरू नका. वहन आकार, वीज शुल्क, स्थिर आकार हे सगळं तुमच्या खिशातूनच जातं ना? मग तेही हिशेबात आलंच पाहिजे.

अजून एक नियम माहीत असू द्या. स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज करत असाल तर त्या जागेचाच वीजदर लागतो. घरी लावली तर घरगुती, दुकानात लावली तर व्यापारी. घरी जागा असेल तर दोन्हीकडचा हिशेब करून बघा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. गाडीचे महिन्याचे १८० युनिट घरच्या वापरात मिसळले की तुम्ही वरच्या टप्प्यात जाता, आणि "घरची वीज स्वस्त" हा समज तिथेच गळून पडतो.

दुसरं गणित: एक चार्जर म्हणजे किती कूलर?

आपल्याकडे विजेचा भार किलोवॅटमध्ये सांगितला तर डोळ्यांसमोर काही येत नाही. कूलरमध्ये सांगितला की लगेच कळतं. घरातला मोठा कूलर साधारण २०० वॅट खातो. दीड टनाचा एसी खातो दीड ते पावणेदोन किलोवॅट.

ई-लोडर किंवा कार साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर ती ३ किलोवॅटच्या आसपास घेते. म्हणजे दोन एसी एकदम. आणि एसीसारखी ती मधून मधून बंद पडत नाही, तासन् तास सलग ओढत राहते. टाटाचा एस ईव्ही २०२२ मध्ये आला, त्याची बॅटरी २१.३ युनिटची. ३ किलोवॅटने ती रिकामीपासून पूर्ण भरायला सात तास लागतात. सात तास दोन एसी न थांबता, असा हा भार आहे.

कारसोबत जो भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर मिळतो, तो म्हणजे चार एसी किंवा ३६ कूलर. एका फेजवर तो ३१ अँपिअर ओढतो. दुकानाची वायरिंग ट्यूबलाईट, पंखे आणि एका फ्रिजच्या हिशेबाने टाकलेली असेल, तर त्या वायरवर हा भार टाकणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर कापसाचा गठ्ठा बांधण्यासारखं आहे. सॉकेट काळं पडतं, प्लग वितळतो, आणि मग गाडीच्या नावाने ओरड होते.

म्हणून चार्जरला मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी, अर्थ लीकेज झाल्यावर ट्रिप होणारा ब्रेकर आणि चांगली अर्थिंग. अर्थिंगवर पैसे वाचवू नका. काळ्या मातीत अर्थिंग चांगली होते, पण उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि ओल खाली जाते. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायची सवय लावून घ्या.

तिसरं गणित: गल्लीतली डीपी

आता मुख्य मुद्द्यावर येतो. "एवढ्या गाड्या आल्या तर वीज पुरेल का?" असं विचारलं की लोक वीज केंद्राबद्दल बोलायला लागतात. वीज केंद्रांच्या बाबतीत आपला भाग गरीब नाही. अकोला जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला १,३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प उभा आहे. तिरोड्याहून कोराडी, अकोला करत पुढे औरंगाबादकडे ७६५ केव्हीची महाकाय लाईन जाते. म्हणजे विजेचा हमरस्ता आपल्या शेतांवरूनच जातो.

अडचण हमरस्त्यावर नाही, बोळीत आहे. मोठ्या लाईनची वीज उपकेंद्रात येते, तिथून ११ केव्हीच्या फीडरवर, आणि शेवटी तुमच्या गल्लीतल्या रोहित्रात, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो. ही डीपी ६३, १००, २०० केव्हीए अशा ठराविक मापांत येते. शंभरची डीपी म्हणजे व्यवहारात साधारण ९० किलोवॅट.

आता ही डीपी ज्या गल्लीला वीज देते तिथे उन्हाळ्याच्या रात्री ६५ किलोवॅटचा भार आधीच आहे असं धरा. कूलर, एसी, फ्रिज, बोअरची मोटर. त्यात चार जणांनी ७.२ किलोवॅटचे चार्जर आणले आणि सगळ्यांनी घरी आल्या आल्या लावले. चौघांचे झाले जवळपास २९. बेरीज ९४. डीपी मर्यादेच्या वर गेली. फक्त चार गाड्या, मित्रांनो!

डीपी लगेच फुटत नाही, हेही समजून घ्या. तिच्यात तेल असतं, वाइंडिंगवर कागदाचं इन्सुलेशन असतं. भार वाढला की तेल तापतं, कागद हळूहळू कमजोर होतो. ठरलेल्या मर्यादेच्या वर तापमान साधारण सहा ते दहा अंशांनी चढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. थंड देशात डीपीला रात्री विश्रांती मिळते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही हवा गरम असते आणि कूलर पहाटेपर्यंत चालतात. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा रात्री डीपीवर आणखी दहा तासांचा भार टाकायचा म्हणजे तिला श्वास घ्यायलाच जागा ठेवायची नाही.

आपल्या शकुंतलेची गोष्ट आठवा. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी. १९९४ मध्ये तिचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं. इंजिन नवं आलं, पण रूळ इंग्रजांच्या काळातलेच राहिले. वेग वाढला नाही, आणि शेवटी गाडी बंद पडली. गाडी इलेक्ट्रिक केली पण गल्लीतली वायर आणि डीपी जुनीच ठेवली, तर आपलंही तेच होईल.

खरा भार सांगा, इथेच आपण अडतो

आता थोडं कडू बोलतो. तुमच्या बिलावर 'मंजूर भार' म्हणून एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच दुकानांत तो १ किंवा २ किलोवॅट असतो. प्रत्यक्षात दुकानात एसी असतो, डीप फ्रीझर असतो, वर रात्री गोडाऊनमध्ये कूलर असतो. कनेक्शन घेतलं तेव्हाचा आकडा कुणी बदललाच नाही.

याचा परिणाम काय? नवी मोठी डीपी बसवायची की नाही हे ठरवताना कागदावरचा भार बघितला जातो. कागदावर आपली गल्ली निम्मी रिकामी असते. मग मोठी डीपी कशाच्या आधारावर मंजूर होणार? ती जळते तेव्हा आपण रस्त्यावर येऊन ओरडतो, तीन दिवस धंदा अंधारात करतो, जनरेटरचं डिझेल जाळतो. पण मागणी नोंदवायची वेळ येते तेव्हा गप्प बसतो.

"भार वाढवला तर बिल वाढन ना भाऊ?" ही भीती मला माहीत आहे. तर ऐका. २० किलोवॅटपर्यंतच्या व्यापारी कनेक्शनला स्थिर आकार कनेक्शनमागे लागत आला आहे, किलोवॅटमागे नाही. तुमच्या बिलावर तो आकडा दिसेलच. २ चा भार ६ केला तर एकदाचे शुल्क आणि थोडी सुरक्षा ठेव द्यावी लागते. तुम्ही भार वाढवला नाही तरी युनिट वाढले की पुढच्या उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल येणारच आहे. म्हणजे लपवून फार काही वाचत नाही. २० किलोवॅटच्या पुढे मात्र मागणी आकार वेगळ्या पद्धतीने लागतो, तिथे नीट हिशेब करूनच पाऊल टाका.

पद्धत अवघड नाही. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून टेस्ट रिपोर्ट घ्या आणि महावितरणच्या ॲपवर किंवा वेबसाईटवर भारवाढीचा अर्ज करा. एकाच डीपीवरच्या पाच-सहा दुकानदारांनी एकाच आठवड्यात अर्ज केले, तर तो गल्लीचा अर्ज होतो. तुमच्या बाजाराची संघटना असेल तर हे काम संघटनेने हातात घ्यावं. गणपतीची वर्गणी गोळा करता येते, तर भारवाढीचे अर्जही गोळा करता येतात.

कधी लावायची? दुपारी!

डीपीचा प्रश्न फक्त मोठी डीपी बसवून सुटत नाही. वेळ बदलूनही तो बराच सुटतो. जगभर हाच मार्ग धरला आहे. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून विकला जाणारा घरगुती चार्जर संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी चार्ज करणार नाही अशा सेटिंगसहच यावा लागतो. मालकाला हवं तर तो बदलू शकतो, पण मुळात सेटिंग तसं असतं. केरळमध्ये २०२४ च्या कडक उन्हाळ्यात तिथल्या वीज मंडळाने लोकांना संध्याकाळी गाड्या चार्जिंगला लावू नका अशी विनंती केली होती.

आपल्याकडे तर निसर्गानेच वेळ ठरवून दिली आहे. मार्च ते जूनमध्ये दुपारी एक ते चार बाजारात शुकशुकाट असतो. ना गिऱ्हाईक, ना हमाल, ना डिलिव्हरी. लोडर उभाच असतो. आणि नेमकं त्याच वेळी सोलरची वीज सगळ्यात जास्त तयार होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरसाठी गावोगावी सौर प्रकल्प येत आहेत, घरांच्या छतांवर पॅनल वाढत आहेत. दिवसा वीज जास्त आणि संध्याकाळी टंचाई, हे चित्र आता पक्कं होत चाललं आहे. म्हणूनच २०२५ च्या नव्या दरपत्रकापासून टीओडी मीटर असलेल्या ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही स्वस्त वेळ ठरवली गेली. तुमच्या वर्गाला किती सवलत आणि संध्याकाळी किती जादा, हे बिलावरून तपासून घ्या.

दुपारच्या चार्जिंगला एक पथ्य आहे. उन्हात तापलेली गाडी आणून लगेच प्लग लावू नका. सावलीत अर्धा तास उभी ठेवा, मग लावा. बॅटरी फार तापलेली असेल तर गाडी स्वतःच चार्जिंग हळू करते, आणि तुम्हाला वाटतं चार्जर खराब झाला. पार्किंगवर पत्र्याऐवजी हिरवी नेट किंवा झाडाची सावली असेल तर सोन्याहून पिवळं.

दुपारी शक्य नसेल तर मध्यरात्रीनंतर. बऱ्याच चार्जरमध्ये टायमर असतो. संध्याकाळी ६ ते रात्री ११ ही वेळ मात्र सोडा.

छतावर सोलर टाकून चालेल का?

चालेल. १ किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. वरच्या लोडरचे ७ युनिट म्हणजे २ किलोवॅटचं काम. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते घरगुती कनेक्शनला, दुकानाला नाही. दुकान आणि घर एकाच इमारतीत पण मीटर वेगळे असतील तर पॅनल कोणत्या मीटरवर आणि चार्जर कोणत्या मीटरवर, हे आधी ठरवा. आमच्याकडचे कितीतरी लोक हे उलटं करतात.

हायवेवर चार्जिंग स्टेशन टाकायचं म्हणणाऱ्यांसाठी

बडनेरा ते मूर्तिजापूर पट्ट्यात ढाबा किंवा हॉटेल असलेले काही जण विचारतात. रस्ता चांगलाच आहे. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता, ते तुम्हाला आठवत असेल. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, केंद्राने २०१८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असं उद्दिष्ट आहे.

पण ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर म्हणजे तुमच्या ढाब्याच्या भाराच्या कितीतरी पट. त्यासाठी स्वतंत्र डीपी आणि लाईन स्वतःच्या खर्चाने टाकावी लागू शकते. मागणी आकार दर महिन्याला लागतो, गाड्या आल्या तरी आणि नाही आल्या तरी. दिवसाला किती गाड्या आल्या की हा आकार निघतो, हा आकडा काढल्याशिवाय कुठल्याही फ्रँचायझीच्या कागदावर सही करू नका. सुरुवात करायचीच असेल तर जेवायला थांबणाऱ्यांसाठी एखादा ७ किलोवॅटचा साधा चार्जर लावा. त्यामुळे जेवणाचं टेबल एक तास भरलेलं राहतं, खरी कमाई तीच.

जिथे इलेक्ट्रिक जमत नाही

हेही स्पष्ट सांगतो. अमरावती-अकोला साधारण १०० किलोमीटर, येऊन-जाऊन २००. छोट्या तीनचाकी ई-लोडरने हे होत नाही. ज्यांचा माल रोज दोन शहरांमध्ये फिरतो त्यांनी मोठी गाडी सध्या डिझेल किंवा सीएनजीच ठेवावी, आणि शहरातली वाटणी इलेक्ट्रिकवर न्यावी. दुसरं, समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे हे ऐकून लोडर घेऊ नका. ती सवलत प्रवासी चारचाकी आणि बससाठी आहे, माल वाहणाऱ्या गाडीला नाही. तिसरं, तुमची गाडी रोज २० किलोमीटरच फिरत असेल तर वाचणारे पैसे हप्त्यातला फरक भरून काढायला फार वर्षं घेतील.

बुकिंगआधीची यादी, वहीत उतरवून घ्या

१. मागच्या सात दिवसांचे गाडीचे किलोमीटर रोज लिहा. अंदाज नको.

२. बिलाची रक्कम भागिले युनिट. तुमचा खरा दर काढा.

३. बिलावरचा मंजूर भार आणि दुकानातल्या सगळ्या उपकरणांची बेरीज शेजारी शेजारी लिहा.

४. परवानाधारक वायरमनकडून वायर, एमसीबी आणि अर्थिंग तपासून घ्या.

५. तुमची डीपी किती केव्हीएची आहे आणि मागच्या दोन उन्हाळ्यांत किती वेळा बिघडली, हे लाईनमनला विचारा. चहा पाजा, तो सगळं सांगतो.

६. भारवाढीचा अर्ज आधी, गाडीचं बुकिंग नंतर.

७. चार्जिंगची वेळ ठरवा आणि ती ड्रायव्हरला लिहून द्या.

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांसाठी १०,००० ई-बसची योजना आणली, तेव्हा बससोबत डेपोतल्या वीज व्यवस्थेसाठीही पैसे धरले. सरकारसुद्धा नुसती बस घेऊन थांबलं नाही. मग आपण एका लोडरसाठी वायर आणि डीपी का बघू नये?

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच: यादीतले पहिले तीन आकडे काढा. बघा, ५० टक्के निर्णय त्या तीन आकड्यांतच होऊन जातो. पुढच्या व्हिडिओत भारवाढीचा अर्ज ॲपवर कसा भरायचा ते स्क्रीनवर दाखवतो. तोपर्यंत शेजारच्या दुकानदारालाही हे वाचायला द्या, कारण डीपी तुमच्या दोघांची एकच आहे.

धंदा वाढवा, पण हिशेबाने!